चौदा दिवस न उघडलेलं

२२ नोव्हेंबर २०२३, बुधवार

निवृत्त झाल्यावर मी डायरी सोडली होती, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घरात बोलणंच कमी झालंय, म्हणून पुन्हा धरतो.

दादाचा आवाज जाऊन तीन महिने झाले. दिल्लीला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, गळ्याला एक भोक राहिलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब समजा. समजतोच आहोत. पण झाशीतल्या आम्हा मूठभर मराठी घरांत गेली चाळीस वर्षं रमाकांतदादाशिवाय गणपती बसला नाही की उठला नाही. मंत्रपुष्पांजलीला त्याचा सूर लागला की गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले ऑटोवाले हात जोडायचे. यंदा मंडळाने आरती मोबाइलवर लावली. दादा खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

पाटी आणून दिली तर त्याने परत केली. हात थरथरतो, अक्षर लागत नाही. मग त्याच्या मुलाने, सलीलने, पुण्याहून लॅपटॉप पाठवला आणि चित्र पालटलं. दादा रेल्वेत हिंदी टाइपिस्ट होता. बोटं अजून तशीच चालतात. तख्तावर, म्हणजे लाकडी पलंगावर बसतो, मोठ्या अक्षरात टाइप करतो आणि पडदा आपल्याकडे फिरवतो. 'पंखा कमी.' 'वरणात मीठ नाही.' हिंदी कीबोर्डवर त्याला ळ कुठे असतो ते सापडत नाही, म्हणून 'जेवणाची वेल झाली' असं येतं. वहिनी हसतात, मग आत जाऊन डोळे पुसतात.

एकच त्रास. टाइपिस्टच्या सवयीने तो प्रत्येक कागद सेव्ह करतो. 'पंखा कमी' हीसुद्धा फाइल. नाव द्यायची तसदी नाही. कंप्यूटर पहिली ओळच नाव म्हणून पुढे करतो आणि दादा एंटर मारतो. आज मोजल्या. डेस्कटॉपवर तीनशे बारा फाइली.

२६ नोव्हेंबर, रविवार

मी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये छत्तीस वर्षं काढली. तिथे कागदाचे तीन वर्ग असतात: कायम ठेवायचा, दहा वर्षं ठेवायचा, आणि तीन वर्षांनी जाळायचा. वर्ग लावायचा तर कागद वाचावा लागतो. म्हणून रोज संध्याकाळी बसून दादाच्या फाइली एकेक उघडतो, वाचतो, बाजूला करतो. आजवर कायम वर्गात घालावं असं काही मिळालेलं नाही. 'मोजे', 'सलीलचा फोन आला का', 'अंगण ओलं आहे वहिनीला सांग' असलं सगळं. त्यातलं वहिनी म्हणजे त्याची स्वतःची बायको, इंदू, पण माझ्याशी बोलताना तो तिला वहिनीच म्हणतो.

दादा माझं काम बघत होता. लॅपटॉप ओढून घेऊन त्याने टाइप केलं, 'सगल्या वाचतोस?'

"वाचल्याशिवाय वर्ग कसा लावणार?" मी म्हटलं.

'रोज?'

"रोज. संध्याकाळी."

त्याने मान हलवली. माझ्या कामाची त्याला कधी किंमत वाटली नव्हती. रेकॉर्ड रूमला तो धूळखाना म्हणायचा. आज जरा बरं वाटलं.

३ डिसेंबर, रविवार

खरं सांगायचं तर कंटाळलो. आठवड्यात आणखी दोनशे फाइली. एखाद्याने दिवसभरात काढलेला प्रत्येक शब्द संध्याकाळी पुन्हा वाचायचा म्हणजे शिक्षा आहे, मग तो सख्खा भाऊ का असेना. शिवाय बोललेलं कोणी साठवून ठेवतं का? 'मीठ नाही' हे तोंडाने म्हटलं असतं तर हवेतच गेलं असतं.

तेव्हा आज दोन कामं केली. लिहायच्या प्रोग्रामच्या पर्यायांत एक रकाना असतो, फाइल मुळात कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची त्याचा. तिथे डेस्कटॉपचा पत्ता होता. तो खोडून डाउनलोड्सचा घातला. दुसरं काम त्याहून शहाणपणाचं. कंप्यूटरला सांगून ठेवता येतं की डाउनलोड्समध्ये जे ठराविक दिवस उघडलं गेलं नाही, ते तू आपलं आपण पुसून टाक. एक दिवस, चौदा, तीस किंवा साठ, असे पर्याय होते. एक दिवस क्रूर वाटला, तीस म्हणजे ढिलाई. चौदा ठेवले. जुन्या फाइलीही उडवल्या. डेस्कटॉप अगदी लख्ख दिसतो आहे आता.

दादाला सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीने काही बदललेलंच नाही. सेव्ह दाबायचं, एंटर मारायचं. सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, आपलं बोलणं कचऱ्यात जातंय. उगाच कशाला दुखवा.

१२ डिसेंबर, मंगळवार

संध्याकाळ मोकळी झाली. लॅपटॉपही जलद चालतो आहे.

दुपारी मी दोन ते पाच मंडळाच्या वाचनालयात बसतो. येणारं कोणी नसतं, पण कुलूप उघडायला कोणी तरी हवं. आज परतलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, हे हल्ली दुपारी झोपत नाहीत. तुम्ही गेलात की टाइप करत बसतात. मी चहा घेऊन गेले की झाकण बंद."

"सलीलकडे माझ्या तक्रारी लिहीत असेल," मी म्हटलं.

वहिनी हसल्या नाहीत. "मधेच थांबतात. खिडकीकडे बघतात, मग परत सुरू."

आजारी माणसाला विरंगुळा मिळाला, चांगलंच आहे. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की डोकं चालतं ठेवा.

२६ डिसेंबर, मंगळवार

धुकं अकरा वाजेपर्यंत हललं नाही. दादा रजाईत बसून होता. मला खूण करून बोलावलं आणि टाइप केलं, 'ग्वाल्हेरला शेवटचा कधी गेलास?'

"आठवत नाही," मी म्हटलं.

खोटं. आठवतं. एकोणनव्वदचा फेब्रुवारी. आई, दादा आणि मी तिघं पॅसेंजरने गेलो होतो मुलगी बघायला. स्नेहलता नाव. शाळेत गाणं शिकवायची. जिना चढून वर गेलो, पोहे झाले, तिने एक पद म्हटलं. मग तिच्या वडलांनी आग्रह केला म्हणून दादानेही म्हटलं. सगळे वाहवा करत होते. ती मात्र साधेपणाने म्हणाली, "आवाज फार मोठा आहे तुमचा. तिसऱ्या ओळीत सूर थोडा उतरतो, तेवढं बघा." खोलीत हशा झाला. दादाही हसला. मला तेव्हाच ती आवडली. आमच्या घरात दादाला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, आणि तिने म्हटलं ते उद्धटपणे नाही, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं मायेने.

आम्ही होकार कळवायचं ठरवलं. पंधरा दिवसांनी पुढचं बोलायला दादा एकटाच गेला आणि नकार घेऊन आला. मुलाची उंची कमी वाटली म्हणे त्यांना. मग आणखी दोन-तीन स्थळं आली. त्यांना मीच नको म्हटलं. एकदा मापात कमी पडल्यावर पुन्हा फूटपट्टीला पाठ लावून उभं राहायची इच्छा होत नाही. दोन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली, तिचं करण्यात अकरा वर्षं गेली, आणि नंतर विचारणारं कोणी राहिलं नाही. दादा-वहिनींनी मला कधी परकं मानलं नाही. वरची खोली माझी, ताट त्यांच्या पंक्तीला. तरी कधी कधी वाटतं, त्या वेळी मी स्वतः एक पत्र टाकून विचारायला हवं होतं. दोन ओळींचं काम होतं ते.

दादाने पडदा तसाच माझ्याकडे फिरवलेला होता.

१५ जानेवारी २०२४, सोमवार

संक्रांत. मंडळातली पाच-सहा माणसं आली. अनुराधाबाई, मंडळाच्या चिटणीस, म्हणाल्या, "रमाकांतजी, आप जल्दी ठीक हो जाइए, पुढच्या गणपतीला तुम्हीच पाहिजे." मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या वाटीतल्या तिळगुळाकडे बघत बसल्या.

दादाने सगळ्यांसाठी टाइप केलं, 'तिलगुल घ्या.' पुढचं टाइप केलं नाही. गोड बोला कोणी कोणाला म्हणायचं, हा प्रश्नच होता.

एक सुधारणा मात्र झाली आहे. नव्या वर्षापासून दादा त्या बारीकसारीक चिठ्ठ्या सेव्ह करत नाही. 'चहा' लिहितो, दाखवतो, पुसतो. सेव्ह करतो ते फक्त दुपारचं काय असेल ते. मी त्याला म्हटलंसुद्धा, "दादा, तूच छाटणी करायला शिकलास की." त्याने टाइप केलं, 'तुझ्या डोल्यांना त्रास नको.'

१७ जानेवारी, बुधवार

आज जेवताना त्याने विचारलं, 'फाइली वाचतोस ना?'

मी म्हटलं, "हो, रोज."

आता दीड महिना झाला न वाचून. पण सेटिंग बदललं, पुसण्याची वेळ लावून दिली, हे सगळं पानावर बसून कोण समजावणार? भात निवला असता. तो आनंदाने जेवला, एवढं पुरे.

४ फेब्रुवारी, रविवार

दादाचा ताप दोन दिवस चढ-उतार करतो आहे. संध्याकाळी मी गरम पाणी घेऊन गेलो तर त्याने बस म्हणून खूण केली आणि टाइप केलं, 'सगलं वाचलंस?'

"सगळं वाचलं."

'मग काही बोलला का नाहीस?'

मला वाटलं, परवा 'तुझा चहा पाणचट' असं लिहून दाखवलं होतं त्याबद्दल असेल. किंवा तसंच दुसरं काही. मी म्हटलं, "बोलायचं काय त्यात? इतकी वर्षं एका घरात राहतोय. चालायचंच."

त्याने हळूहळू टाइप केलं. एरवी त्याची बोटं धावतात, पण या वेळी एकेक अक्षर शोधत होता. 'रागावला नाहीस?'

"दादा, तुझ्यावर रागवून जाऊ कुठे मी?"

त्याने माझं मनगट धरलं. रडत होता, पण रडण्याचा आवाज नव्हता. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. कणकेचे हात घेऊन वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी रजाई सारखी केली, गळ्याची पट्टी बदलली. आजारपणात माणूस फार हळवा होतो. दादासारखा माणूससुद्धा.

२० फेब्रुवारी, मंगळवार

छातीत कफ साठला म्हणून परवा दवाखान्यात ठेवलं. लॅपटॉप घरीच आहे, बोटांत जोर नाही. तरी चेहऱ्यावर शांतपणा आहे. वहिनी म्हणाल्या, "पंधरा दिवस झाले, झोप चांगली लागते त्यांना." मी म्हटलं, नवीन गोळ्यांचा गुण असेल.

६ मार्च, बुधवार

दादा सकाळी पावणेआठला गेला. मी आणि वहिनी दोघंही जवळ होतो.

१९ मार्च, मंगळवार

काल तेरावा झाला. सलील तेरा दिवस होता, आज दुपारच्या गाडीने परत गेला. पुण्यात राहूनही त्याचं मराठी आमच्या झाशीचंच राहिलं; तिथले लोक त्याला हिंदीवाला समजतात. स्टेशनवर म्हणाला, "काका, बाबांनी जे काही लिखा है ना लॅपटॉपमध्ये, ते सगळं मला पेन ड्राइव्हवर काढून द्या. मला त्यांचा आवाज तर रेकॉर्ड करता आला नाही. कमसे कम ते तरी ठेवीन."

मी म्हटलं, "देतो." गाडी हलली. मी काय केलं आहे ते तेव्हा फलाटावर उभ्या उभ्या लक्षात आलं.

२१ मार्च, गुरुवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज लॅपटॉप उघडला.

डाउनलोड्समध्ये काही नाही. कचऱ्याच्या डब्यात काही नाही. सीपरी बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने तासभर काय काय चालवून बघितलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें से तो गया समझिए. अपने आप मिटाने का लगाया किसने था?" मी म्हटलं, पता नहीं.

घरी येऊन पुन्हा बसलो. लिहायचा प्रोग्राम उघडला की डाव्या बाजूला अलीकडच्या फाइलींची यादी येते. फाइल जागेवर नसली तरी यादीत तिचं नाव राहतं, हे मला माहीत नव्हतं. दादाच्या फाइलींची नावं म्हणजे पहिल्या ओळी. कंप्यूटर घेईल तेवढ्या, पुढे तुटलेल्या.

मी पहिल्या नावावर टिचकी मारली. ही फाइल सापडत नाही, असा निरोप आला, आणि विचारलं, यादीतून काढून टाकायची का? मी घाईघाईने नको म्हटलं. त्यानंतर कशालाही हात लावला नाही. नावं खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे, इथे उतरवून घेतो; डिसेंबरातले 'चहा', 'मोजे' तेवढे वगळून, बाकी जशी आहेत तशी.

दिवाकर हे तू संध्याकाली वाचशीलच म्हणून

कालचं अर्धं राहिलं ते

एकोणनव्वद साली मी एकटा ग्वाल्हेरला गेलो त्या वेली

आज जमत नाही

नकार त्यांच्याकडून आला नव्हता

त्यांना मी सांगितलं की आमचा मुलगाच नको

कारण सांगायला लाज वाटते पण सांगतो

इंदूला यातलं अर्धंच ठाऊक आहे

रोज तू वाचतोस आणि सकाली नेहमीसारखा चहा देतोस

एवढी वर्षं तुला समोर बघून

तू रागावला नाहीस आता मला

शेवटच्या फाइलीपुढे ६ फेब्रुवारी लिहिलं आहे.

नकार आला नव्हता. पस्तीस वर्षं मी आरशात माझी उंची बघत आलो. आणि तिलाही कोणी तरी सांगितलं की मुलगाच नको म्हणाला. राग यायला हवा. येतोही, पण धरायला जागा मिळत नाही, कारण ज्या माणसावर रागवायचं त्याने सगळं कबूल केलं होतं, रोज दुपारी, एका बोटाइतक्या अंतरावर. मी ते चौदा दिवसांच्या हवाली केलं. शहाणपणाचं काम म्हणून.

२२ मार्च, शुक्रवार

हिशेब केला. चार फेब्रुवारीला दादाने विचारलं, सगळं वाचलंस? त्या दिवशी एकवीस जानेवारीपासूनचे कागद जागेवर होते. म्हणजे निम्मे तरी असतील. कारणाचा कागद त्यांत होता, यादीत त्याच्यापुढे २५ जानेवारी आहे. लॅपटॉप आमच्या दोघांच्या मध्ये उघडा होता. 'नाही रे दादा, वाचायचे राहिलेत, आत्ता बघतो,' एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं चालायचंच.

छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे कागद सांभाळले. एकही मिसल, म्हणजे दप्तरातली फाइल, गहाळ झाली नाही म्हणून निवृत्तीला शाल मिळाली होती मला.

२७ मार्च, बुधवार

सुतक असल्यासारखीच यंदाची होळी गेली. सलीलचा फोन आला, पेन ड्राइव्हचं काय झालं? म्हटलं, काढतोय. फोन ठेवल्यावर ठरवलं, आधी वहिनींना सांगायचं. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. एकदा पाणी पिऊन परत आलो, एकदा नुसताच.

३१ मार्च, रविवार

सकाळी गच्चीवर वहिनी दादाचे स्वेटर उन्हात घालत होत्या. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, मूळच्या टहरौली गावच्या दुर्गाच्या नवऱ्याला द्यायचे आहेत. मी सांगायचं म्हणूनच वर गेलो होतो. पण त्याच आधी बोलल्या.

"भाऊजी, एक विचारू? तुम्ही वाचून काही बोलला नाहीत, याने त्यांना फार हलकं वाटलं. त्या संध्याकाळनंतर त्यांनी मला दाखवलं टाइप करून, 'दिवाकरने माफ केलं.' तेव्हापासून झोपायला लागले ते."

मी बाजूचा एक स्वेटर उचलून उन्हात पसरला.

"मला त्यांनी ग्वाल्हेरचं सांगितलं ते मागच्याच वर्षी, ऑपरेशनच्या आधी. मुलीकडच्यांनी नाही, ह्यांनीच मोडलं म्हणून. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. पण का मोडलं ते सांगितलं नाही. म्हणाले, ते दिवाकरला सांगेन, त्याचा हक्क आहे." त्यांनी स्वेटरची बाही उलटी होती ती सुलट केली. "चाळीस वर्षं संसार केला मी ह्या माणसाबरोबर. असं का केलं असेल, हे कळल्याशिवाय मला त्यांच्या जाण्याचं नीट वाईटही वाटत नाही. काय लिहिलं होतं त्यांनी? नको वाटत असेल तर राहू द्या."

हीच वेळ होती खरं सांगायची. पण त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, ह्यांना काही तरी दिलं पाहिजे. वाईट वाटेल असं नको, त्यांना आयुष्यभर पुरेल असं.

"आईसाठी," मी म्हटलं. "त्या मुलीला ग्वाल्हेरातच पक्की नोकरी होती, मला तिकडे जावं लागलं असतं. आई अंथरुणावर. तिच्याजवळ कोणी तरी हवं होतं. म्हणून केलं त्याने."

बोलताना मलासुद्धा ते खरं वाटलं. आपला भाऊ असाच असावा असं वाटलं.

वहिनींनी हातातला स्वेटर खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आईंना एक्याण्णवच्या दिवाळीत झटका आला, भाऊजी. एकोणनव्वदला त्या धडधाकट होत्या. तुमच्याबरोबर मुलगी बघायला गेल्या होत्या ना? जिना फार उभा होता म्हणून मला येऊन सांगितलं होतं त्यांनी."

खाली गल्लीत कोणी तरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"तुम्ही वाचलंच नाहीत," वहिनी म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. कोणता फोल्डर, किती दिवस, कशासाठी. चार फेब्रुवारीचंही सांगितलं. म्हटलं, "वहिनी, माझी चूक झाली. मला त्याच्या बोलण्याचा कंटाळा आला होता. फाइलींचा नाही, त्याच्या बोलण्याचा." हे मी स्वतःशीसुद्धा आजवर कबूल केलं नव्हतं. यादी वहीत उतरवली आहे ती दाखवली. त्यांनी चष्मा नसल्यामुळे वही लांब धरून एकेक ओळ वाचली. 'कारण सांगायला लाज वाटते' इथे त्यांचं बोट थांबलं आणि पुढे रिकामं असलेल्या जागेवरून फिरत राहिलं.

"सलीलला काय सांगू?" मी विचारलं.

"हे जे मला सांगितलंत तेच सांगा. लपवालपवी आता पुरे झाली ह्या घरात."

"आणि ग्वाल्हेरला?"

"जाऊन या. त्या स्नेहलताबाईंना एवढं तर सांगता येईल की तुम्ही नको म्हटलं नव्हतं. त्या विचारतील, मग कोणी आणि का? तेव्हा काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी वही मला परत दिली. रागावल्या असतील असं वाटलं, पण आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता.

"ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं तुम्ही वाचलंय," त्या म्हणाल्या. "त्यांचं भागलं. मला वाटलं होतं, तुमच्याकडून मला कळेल. आता आपण दोघंही सारखेच."

त्यांनी ऊन लागलेले स्वेटर एकावर एक ठेवले आणि जिना उतरून खाली गेल्या.